तलावाकाठचा ढीग

अमृतानं डाव्या हातानं संस्कृतीची हनुवटी घट्ट धरली आणि उजव्या हाताचं बोट तिच्या गालाच्या आतून फिरवलं. पोरीनं दात आवळले.

"सोड. आ कर, बाळा. आ कर म्हणते ना."

बोटाला चावा बसला, पण खडा निघाला. लाळेनं माखलेला, करंगळीच्या नखाएवढा. संस्कृतीनं एकदा खड्याकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि हातातला खाऊ हिसकावून घेतल्यासारखं भोकाड पसरलं.

माती खाणं नवीन नव्हतं. तीन वर्षांची झाली तरी कुंडी म्हणू नका, चुलीची कड म्हणू नका, भिंतीचा पोपडा म्हणू नका, या पोरीला सगळं चालायचं. जुन्नरच्या डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं होतं. अमृता ते न चुकता पाजायची आणि पोरगी ते पिऊन पुन्हा माती खायची. पण हा खडा वेगळा होता. तिनं तो तळहातावर चुरला. कॉफीच्या पुडीसारखा रंग, वजनाला हलका, आणि एवढी लाळ लागूनही चिकट न झालेला. त्यांच्या रानातली माती काळीभोर, पाणी लागलं की चप्पल धरून बसणारी. असला भुगा अमृतानं एकाच ठिकाणी पाहिला होता. तलावाच्या काठाला, निळ्या ताडपत्रीखाली.

तिनं मान वर करून बांधाकडे पाहिलं.

तलाव वस्तीच्या वरच्या अंगाला. तिथवर जायचं तर डांबरी रस्ता ओलांडायचा, मग बांध चढायचा. पोरगी सकाळपासून नजरेआड झालीच नव्हती. की झाली होती? कपडे वाळत घालताना? दूध उतू जातंय म्हणून आत धावले तेव्हा? अमृतानं सगळी सकाळ मनातल्या मनात पुन्हा तपासली, आणि जितकी तपासली तितकी ती तिला भोकं पडलेली दिसायला लागली.

तिनं तेजस्विनी मॅडमना फोन लावला.

या मॅडम पुण्याच्या एका कॉलेजातल्या. गेल्या दिवाळीनंतर त्या पहिल्यांदा वस्तीवर आल्या, तेव्हा सगळ्यात आधी त्यांचं बोलणं ऐकून घेणारी अमृताच होती. कालव्याचं पाणी सुटलं की वरच्या वावरांतलं, गोठ्यांतलं सगळं वाहून ओढ्यानं तलावात उतरायचं. सोबत खताच्या गोण्यांतलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, यायचं आणि त्यावर शेवाळ पोसायचं. उन्हाळ्यात तलाव कोणी रंगाचा डबा ओतल्यासारखा हिरवा व्हायचा. मागच्या वर्षी वस्तीवरच्या सावळेरामची गाभण शेळी काठाला पाणी पिऊन आली आणि दिवस मावळायच्या आत गेली. तलावाखालच्याच विहिरीचं पाणी वस्ती पीत होती. संस्कृतीचं पोट सारखं बिघडायचं. अमृता पाणी गाळायची, उकळायची, तरी बिघडायचं.

मॅडमचा उपाय ऐकायला विचित्र होता. शहराला नळाचं पाणी देताना जलशुद्धीकरण केंद्रात नदीच्या पाण्यात तुरटी टाकतात, माती तळाला बसते, आणि तो तुरटीचा गाळ वाळवून एरवी फेकून देतात. तोच गाळ ओढ्याच्या तोंडाशी चर खणून भरायचा. पाणी त्यातून झिरपलं की स्फुरद गाळालाच चिकटतं, शेवाळाला खायला उरत नाही. अमृतानं ग्रामसभेत उभं राहून वस्तीला हे पटवलं, मग चर भरला, त्याला जाळीचं कुंपण केलं, आणि पुढे भर घालायला लागेल म्हणून उरलेला गाळ काठाला ढीग करून झाकून ठेवला.

"मॅडम, अमृता बोलतीये. एक विचारायचं होतं. तो गाळ लहान मुलानं खाल्ला तर?"

पलीकडे कसलासा पंखा घरघरत होता.

"कोणी खाल्ला? किती?"

"संस्कृतीनं. बाहेर काढला मी. थोडा गेला असेल पोटात."

"उलटी वगैरे?"

"नाही. आत्ता रडत होती, आता पातेलं बडवतीये."

"मग इतक्यानं काही व्हायला नको. पाणी पाजा, आणि डॉक्टरांना दाखवून घ्या, तुमच्याही मनाला बरं वाटेल. पण ताई, ती तिथे पोचली कशी? चराला कुंपण आहे, ढिगावर ताडपत्री आहे ना?"

अमृतानं अंगणाकडे पाहिलं. सासूबाई, सारजाबाई, ओट्यावर बसून लसूण निवडत होत्या. त्यांची बोटं थांबली होती. नजर मात्र लसणावरच होती.

"खेळता खेळता गेली असेल," अमृता म्हणाली.

हे आपण का म्हणालो, ते तिला कळलं नाही. तिला माहीत नव्हतं एवढंच खरं होतं, पण 'माहीत नाही' असं आईनं कसं म्हणायचं?

"असं असेल तर मला पाणी समितीला कळवावं लागेल हो," मॅडमचा आवाज उतरला. "लहान मूल चरापर्यंत जातंय म्हणजे गंभीर आहे."

फोन ठेवल्यावर तिनं मोबाइलवर शोधलं. एकीकडे लिहिलं होतं, तुरटी पिढ्यान् पिढ्या घराघरात वापरतात, घाबरण्याचं कारण नाही. दुसरीकडे लिहिलं होतं, त्यातला धातू मेंदूत साचतो. तिसरीकडे कोणीतरी तुरटीनं नजर कशी काढायची ते सांगत होतं. तिनं मोबाइल पालथा टाकला, पोरीची जीभ पाहिली, नखं पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. काय पाहायचं असतं ते तरी कुठे माहीत होतं?

"आगं, समदी पोरं माती खात्यात," सारजाबाई लसणाकडे बघतच म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्यानं अर्धी भिंत खाल्ली. आज कारखान्यात नोकरी करतोयच ना?"

नवनाथ पारगावच्या साखर कारखान्यात होता, हंगाम संपत आलेला, सुट्टी मिळेना. फोनवर म्हणाला, "डॉक्टरकडं ने आन ये. लई इचार नको करू."

तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि दुपारची एसटी धरून जुन्नर गाठलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, दोन प्रश्न विचारले, काही नाही म्हणाले. उन्हाची बाहेर काढू नका म्हणाले. हे त्यांनी त्या दिवशी प्रत्येकालाच सांगितलं असावं.

परत आली तेव्हा वस्तीच्या थांब्यावर साळुबाई वाटच बघत उभी होती. शेजारच्या मळ्यातली, गावभरची खबर हिच्या कानावर पडल्याशिवाय पुढे जात नसे.

"कशी हाय गं पोर? इख खाल्लं म्हनं तिनं?"

"विष नाही हो. गाळ होता तो. थोडासाच."

"तेच की. तळ्यावरचा." साळुबाईनं संस्कृतीच्या गालाला हात लावला आणि चटकन मागं घेतला. "गेणभाऊ लई तापलाय. म्हनला, शेरातली घान आमच्या उशाला आनून टाकली, आता पोरं मारायची व्हय? उद्या सकाळी जेसीबी येतोय. समदा चर उकरून फेकून देनार हाय. आन तो ढीग बी."

गेणभाऊ पाणी समितीचे प्रमुख. त्यांनी मनावर घेतलं की ते होणारच.

अमृतानं पोरीला खांद्यावर टाकलं आणि वाट धरली. घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात एकच घोळत राहिलं. चर गेला तर तलाव पुन्हा तसाच. विहीर तशीच. पोरीचं पोट तसंच. आणि चर राहिला, आणि तो गाळच खरंच वाईट असला तर? आपणच वस्तीच्या गळ्यात बांधला तो.

सकाळी उजाडल्या उजाडल्या संस्कृती उठली. अमृता दाराआड उभी राहिली आणि तिनं पोरीला मोकळं सोडलं. पोरगी रस्त्याकडे वळलीच नाही. अनवाणी पायांनी थेट घरामागे गेली, गुंठाभर टोमॅटोच्या वाफ्यात उकिडवी बसली, आणि एका रोपाच्या बुडातून सवयीनं खडा उचलला.

अमृतानं धावत जाऊन तिचा हात पकडला. मग ती तिथेच खाली बसली.

प्रत्येक रोपाच्या बुडाला तो कॉफीच्या रंगाचा भुगा होता. ओंजळ ओंजळ घातलेला, वर मातीचा पातळ थर ओढलेला, तो वाऱ्यानं उडून गेलेला. हा वाफा सारजाबाईंचा स्वतःचा. नर्सरीतून रोपं आणून त्यांनी एकटीनं लावला होता आणि त्यात कोणाला पाऊल टाकू देत नसत. इतक्या दिवसांत रोपं गुडघ्याला लागायला हवी होती. ती वीतभरच होती, आक्रसलेली, जागच्या जागी थिजलेली. तिनं एक पान उलटं केलं. शिरा जांभळ्या. दुसरं उलटं केलं. अख्खं पान खालून जांभळं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचं वनस्पतिशास्त्राचं पुस्तक तिला आठवलं, त्यातलं ते रंगीत चित्र आठवलं. नत्र कमी पडलं की पान पिवळं, स्फुरद कमी पडलं की...

"दोनदा डीएपी खत टाकलं," मागून आवाज आला. सारजाबाई शेणाच्या हातांनी उभ्या होत्या. "दोनदा. तरी ढिम्म हालंना. कसला रोग पडलाय काय म्हाईत."

"आत्या, हा गाळ तुम्ही आणला?"

सारजाबाईंनी हात लुगड्याला पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या.

"आनला. मग? तूच म्हनली व्हतीस की ग्रामसभेत, उभी राहून. घान न्हाई, आपल्याच कुकडी नदीची माती हाय म्हनून. आता नदीचा गाळ काठाला पडलाय, त्यो काय बघत बसायचा? जन्म गेला माझा, दर उन्हाळ्याला तळ्यातला गाळ डोईवर वाहून रानात टाकला. माझ्या सासूनं टाकला. गाळ पडला की चार वरसं खत लागत न्हाई. तो काठावर आला की उचलायचा, त्याला कुनाला इचारायचं अस्तं व्हय?"

"मग काल बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पोरीच्या तोंडातनं निघाल्यावर काय बोलू?"

त्यांचा आवाज फाटला. त्या खाली बसल्या, संस्कृतीची मूठ उघडून त्यांनी खडा काढला आणि पदरानं तिचा हात पुसला.

अमृताला हसावं की रडावं कळेना. गाळ सुपीक व्हावा म्हणून घातला, आणि त्यानं रोपाच्या तोंडचं स्फुरद धरून ठेवलं. गोणीतलं टाकलं, तेही धरून ठेवलं. म्हणजे मॅडम सांगत होत्या ते खरं होतं. तलावाचं पाणी अजून तसंच हिरवं दिसत होतं, तिथे काही कळायला मार्ग नव्हता. पण इथे, चोरून घातलेल्या ओंजळभर गाळानं, आपलं काम चोख केलं होतं. याहून चांगला पुरावा कुठे मिळणार? आणि हा पुरावा कोणापुढे मांडणार?

"अमृता," सारजाबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "बचत गटाची अध्यक्ष हाय मी. कुनाला बोलू नको. तेवढं कर माझ्यासाठी."

अमृता बांधावर पोचली तेव्हा माणसं जमली होती. पिवळा जेसीबी चराच्या तोंडाशी आणून उभा केला होता, इंजिन चालूच. तेजस्विनी मॅडम पुण्याहून पहाटेच निघून आल्या असाव्यात, केस विस्कटलेले, पायांत दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे. अमृताच्या कडेवर संस्कृती होती. सारजाबाई तिच्या मागोमाग चालत आल्या होत्या, आणि आता बाभळीच्या बुंध्याला टेकून उभ्या होत्या.

"भाऊ, एक उन्हाळा तरी बघा," मॅडम म्हणत होत्या. "चरातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात आत्ताशी फरक दिसायला लागलाय. कुंपण दुहेरी करते मी. आणि मला आधी हे सांगा, ढीग इतका कमी कसा झाला? निम्मासुद्धा नाही राहिला."

"गाळ बसतो, मॅडम," गेणभाऊ म्हणाले. "वाळला की बसतो."

"वारं बी सुटतंय लई," कोणीतरी मागून म्हणालं.

"इतका?"

"आमच्याकडचं वारं न्हाई बघितलं तुमी." दोघं-तिघं हसले. गेणभाऊ हसले नाहीत. "ते ऱ्हाऊ द्या. पोरानं खाल्लं, ही गोष्ट खरी का न्हाई? ही बघा, आली पोरीला घेऊन. सूनबाई, तुमीच सांगा. तुमीच हे आनलं, आन तुमच्याच पोरीवर आलं. आता काय म्हननं हाय तुमचं?"

सगळे तिच्याकडे वळले. इंजिनाचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला. अमृतानं पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. बाभळीकडे बघायचं नाही असं ठरवून ती तिकडेच बघत होती. सारजाबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला होता, चेहरा दिसत नव्हता. संस्कृतीनं तिच्या मंगळसूत्राचा मणी तोंडात धरला होता, तो काढायलाही तिला सुचलं नाही.

"ती इथे आलीच नव्हती," ती म्हणाली. "कुंपण बरोबर आहे. तिनं इथला नाही खाल्ला."

"मग?"

"आमच्या घरामागे. टोमॅटोच्या वाफ्यात. आम्ही इथून नेऊन घातला होता."

'आम्ही' कसं आलं तोंडून, तिलाच कळलं नाही. आता काय येईल, याची तिनं वाटेतच तयारी केली होती. सरकारी माल नेता काय, शिकलेल्या घरात ही रीत काय, आणि मग साळुबाईचं ते नाकानं हसणं. ती मान ताठ करून वाट बघत राहिली.

काहीच आलं नाही.

सावळेराम पायातल्या वहाणेनं माती उकरत होता. साळुबाई, जी कधी गप्प बसत नाही, ती तलावाकडे बघत होती, जणू तिथे पहिल्यांदाच पाणी दिसलंय. मॅडम एकेका चेहऱ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्याइतकीच अमृताही गोंधळली होती. हे सगळे रागावत का नाहीत?

गेणभाऊंनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग ते दोन पावलं पुढे आले, अगदी तिच्याजवळ, आणि पोरीची विचारपूस करावी तसं खालच्या आवाजात म्हणाले,

"सूनबाई, पानं उलटी करून बघितली का? खालून जांभळी पडली व्हती?"

अमृता त्यांच्याकडे बघत राहिली. मग त्यांच्या खांद्यावरून मागे तिची नजर गेली. साळुबाईनं मान वळवली होती. सावळेरामचा पाय थांबला होता. सगळ्यांचे कान इकडे होते.

"हो," ती म्हणाली.

"डीएपीनं न्हाई ना सुदरत?"

"नाही. कितीही टाका. तो गाळच धरून ठेवतो सगळं."

"मग करायचं काय त्याला?"

"बुडातला गाळ काढायचा. अलगद, मुळं न दुखवता. मग खत लागू होईल." ती थांबली. "होईल असं वाटतं. नक्की मला पण माहीत नाही, भाऊ."

गेणभाऊंनी मान डोलावली. मग त्यांनी वळून जेसीबीवाल्याला हात केला.

"ए राव, बंद कर ते. जा तू. काम न्हाई."

"भाडं?" तो वरून ओरडला.

"देतो म्हनलं ना. जा."

इंजिन बंद झालं, तशी तलावावर एकदम शांतता पसरली. पाणी होतं तसंच होतं, हिरवं, जाड. काल होतं त्याहून उजळ आहे का, अमृतानं डोळे बारीक करून पाहिलं, आणि तिला काही सांगता येईना. माणसं एकेक करून आपापल्या रानाकडे पांगायला लागली, सगळे जरा घाईतच होते.

"काय झालं?" तेजस्विनी मॅडमनी तिचा दंड धरला. "ठरलं काय शेवटी? चर ठेवायचा का काढायचा?"

अमृता उत्तर द्यायला वळली, तेवढ्यात सारजाबाई बाभळीखालून आल्या. पदर मागे सरकला होता. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही, मॅडमकडेही पाहिलं नाही. संस्कृतीच्या तोंडातला मणी बोटानं काढला आणि तिला उचलून आपल्या कडेवर घेतलं.

"चल," त्या म्हणाल्या. "दोन घमेली हायेत घरात. वाफ्यातनं इथवर ऊन चढायच्या आत चार खेपा व्हत्याल."